केडगावच्या पंडिता रमाबाई



सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंड मागे पडले की थोड्या वेळाने केडगाव स्टेशन येते. बहुतेक जलद गाड्या तिथे थांबत नाहीत, त्यामुळे पाटी वाचेपर्यंत गाडी पुढे निघून जाते. याच केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. विधवांचा कैवार, संस्कृतचे पांडित्य, बायबलचे भाषांतर एवढे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु रमाबाईंना ऐकू कमी येत असे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. आम्हालाही ते उशिराच कळले. त्या कॅथोलिक नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. तरीही डोळे आणि कान यांच्या दुखण्यांचा विचार करताना आम्हाला त्यांच्याइतके जवळचे दुसरे नाव सुचले नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. आई लक्ष्मीबाई पहाटे उजाडण्यापूर्वी लेकीला उठवून मांडीवर घेत आणि श्लोक म्हणत. लेकीने ऐकायचे आणि पाठ करायचे. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंच्या मुखी बसले ते असे, कानांच्या वाटेने. पुढे ज्या कानांनी साथ सोडली, तेच त्यांचे पहिले पुस्तक होते.

कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत पुराणे सांगे आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमार झाली. तोपर्यंत अनंतशास्त्र्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हते. मरणाची तयारी करून निरोप घेताना म्हाताऱ्या बापाने धाकट्या लेकीला जवळ ओढले आणि तिच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला. चेहरा दिसत नव्हता, म्हणून हाताने पाहिला. उतारवयात दृष्टी जाण्याचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू. आज तो पाऊण तासाच्या आत काढून कृत्रिम भिंग बसवतात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. तरी आपल्यातले कितीतरी आजोबा तो अजून पिकला नाही म्हणून दोन-दोन वर्षे चाचपडत काढतात. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे दिवस केव्हाच गेले.

आई-वडील गेले, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. नंतर भाऊ वारला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले, पण १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि त्याच वर्षी हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळाले पाहिजेत, हा त्या साक्षीतला एक मुख्य मुद्दा होता.

मग आपणच डॉक्टर का होऊ नये? या विचाराने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या धर्मभगिनींच्या मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी माय-लेकींनी अँग्लिकन चर्चमध्ये स्नानसंस्कार घेतला. पण वैद्यकीचे दार उघडले नाही. कानांचा दोष आड आला. छातीला नळी लावून श्वास ऐकायचा, रोग्याचे हळू आवाजातले बोलणे टिपायचे, वर्गातली व्याख्याने ऐकायची, हे बधिर होत चाललेल्या कानांनी कसे जमणार? विजेवर चालणारी कर्णयंत्रे तेव्हा नव्हती. वय अवघे पंचवीस, आणि ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच हातचे गेले.

आम्ही लिहिताना इथे बराच वेळ थांबलो. बहिरेपणा दिसत नाही. आंधळ्याला लोक रस्ता करून देतात, बहिऱ्यावर मात्र हसतात किंवा चिडतात. आपल्या मिस्सेलाही काही जण मागच्या बाकावर बसून शेजाऱ्याचे ओठ हलले की आपलेही हलवतात, हे आम्ही पाहिले आहे. सोलापुरात तर यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेले अनेक. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास, वर्षानुवर्षे कानावर पडला की आतल्या बारीक केसपेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात : पाखरांचे, लहान मुलांचे. माणूस म्हणतो, लोकच पुटपुटतात. लहानपणापासून कान वाहत असेल तर पडद्याला भोक पडते. त्यात तेल ओतणे किंवा काडी घालणे म्हणजे आणखी नुकसान. असा पडदा पुष्कळदा शस्त्रक्रियेने सांधता येतो. तरुण वयात कानातली चिमुकली हाडे आखडूनही ऐकू कमी येते, त्यावरही आता इलाज आहे. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलात कान आणि डोळे या दोन्हींचे विभाग आहेत.

रमाबाईंनी आपला दोष झाकला नाही आणि खोलीत कोंडूनही घेतले नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या हाताखाली त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी धर्मतत्त्वांवर त्यांचे वाद झाले, ते बरेचसे पत्रांतून. कागदावर त्या कुणाला हार जात नसत. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हा आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या. जी पदवी आपल्याला कानांमुळे मिळाली नाही, ती दुसऱ्या मराठी मुलीला मिळताना त्या हजर होत्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले, ते पुढे पुण्याला हलले. त्याचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे, आम्ही तो सोडून देतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

त्यांत आंधळ्या मुली होत्या. दुष्काळात पोरांचे डोळे जाण्याचे एक मोठे कारण म्हणजे अ जीवनसत्त्वाचा अभाव. आधी संध्याकाळी दिसेनासे होते, मग डोळा कोरडा पडतो, शेवटी बुबुळ विरघळते. वरून गोवर आला की संपलेच. आज नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात या जीवनसत्त्वाचे डोस फुकट मिळतात. गोवराच्या लशीबरोबर पहिला डोस चुकवू नका.

या मुलींसाठी रमाबाईंनी वेगळे घर केले आणि शुभवर्तमानातल्या आंधळ्या भिकाऱ्याच्या नावावरून त्याला बार्तिमय सदन म्हटले. मनोरमाबाई अमेरिकेतून ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या, त्या शिकवू लागल्या. मुली बोटांनी वाचू लागल्या, टोपल्या विणण्यासारखी हातकामे करू लागल्या. कुणाच्या तरी दारी आयुष्यभर ओझे म्हणून पडून राहण्याची त्यांची वेळ टळली. ही लिपी घडवणारे फ्रान्सचे लुई ब्रेल मात्र आपल्या पंथाचे, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. लहानपणी बापाच्या कारखान्यात आरी एका डोळ्यात घुसली आणि संसर्गाने दुसराही डोळा गेला.

उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी सगळे बायबल एकटीने उतरवायला घेतले. कान मिटत गेले तसे डोळे आणि लेखणी यांवरच भार आला. छापखाना केडगावातच होता, आणि खिळे जुळवणाऱ्या हातांत मुक्तीच्या मुलींचेही हात होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. आईने काम थांबवले नाही. भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला आणि १९२४ साली तो ग्रंथ बाहेर पडला.

मुक्ती मिशन आजही चालू आहे. जायचे असेल तर दौंडला उतरून पुण्याकडे जाणारी सवारी गाडी धरावी, ती केडगावला थांबते.