काचनळीतली अमरवेल

जामसर, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात झुडपांवर पिवळसर दोऱ्यांचा गुंता दिसतो, ती अमरवेल. तिला हिरवी पाने नाहीत. बी जमिनीत रुजते, पण आधाराचे झाड मिळाले नाही तर रोप थोड्याच दिवसांत मरते. झाड मिळाले की त्याच्या खोडात बारीक शोषक मुळे घुसवून ती पाणी आणि अन्न ओढते. मग झाडाविना ती वाढवता येईल का? आपल्या देशात या प्रश्नावर काम झाले ते डॉ. पंचानन माहेश्वरी यांच्या प्रयोगशाळेत.

माहेश्वरी यांचा जन्म १९०४ सालचा, जयपूरचा. अलाहाबादला विन्फिल्ड डडजन या अमेरिकन प्राध्यापकांनी त्यांना वनस्पतिशास्त्राची गोडी लावली. मी तुझ्यासाठी केले तेच तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर, एवढीच गुरुदक्षिणा त्यांनी मागितली. माहेश्वरींनी ती जन्मभर फेडली. आग्रा, ढाका अशा ठिकाणी शिकवून १९४९ मध्ये ते दिल्ली विद्यापीठात आले आणि तिथला वनस्पतिशास्त्र विभाग जगात नावाजला गेला.

अमरवेलीचे शेंडे निर्जंतुक माध्यमात वाढतात, हे लू या चिनी शास्त्रज्ञाने १९४६ मध्ये दाखवले होते. दिल्लीत माहेश्वरी आणि त्यांचे सहकारी बलदेव यांनी आपल्याकडच्या अमरवेलीचे भ्रूण बियांतून काढून साखर, क्षार असलेल्या माध्यमावर ठेवले. त्या भ्रूणांवर नवे कोंब फुटल्याचे त्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेतून अफूच्या झाडाचे परीक्षानळीत फलन घडवल्याची बातमी आली. मानवी परीक्षानळी बाळ जन्मले ते १९७८ मध्ये! १९६५ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले. १९६६ मध्ये ते गेले.

डॉक्टर म्हणून मला या कामाचे मोल वेगळे वाटते. काचनळीत अमरवेल काय खाते, ते आपण ठरवतो. रानात ते झाड ठरवते. यजमान झाडातली रसायने, विषारीसुद्धा, वेलीत उतरू शकतात. त्यामुळे एकाच नावाच्या दोन जुड्या सारख्या नसतात. काविळीवर अमरवेलीचा काढा घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आधीच सुजलेल्या यकृतावर अनोळखी रसायनाचा भार नको. डोळे पिवळे दिसले की पहिले पाऊल आरोग्य केंद्राकडे टाकावे, रक्त तपासून घ्यावे.