विष्णुपंत छत्रे : गाणे, घोडा आणि झुला

कै. विष्णुपंत छत्रे यांचे नाव निघाले की लोकांस सर्कस आठवते. आम्हां ग्वाल्हेरकरांना मात्र आधी गाणे आठवावे, असे त्यांचे चरित्र आहे. 1840 साली सांगलीकडील अंकलखोप गावी जन्मलेला हा तरुण गाणे आणि घोडा या दोन वेडांपायी ग्वाल्हेरीस आला. बाबासाहेब आपट्यांपाशी त्याने अश्वविद्या संपादन केली आणि हद्दूखाँसाहेबांपाशी ख्याल. एकाच माणसाने या दोन विद्या कशा साधाव्या, याचे पुष्कळांना नवल वाटते. मला वाटत नाही. लगाम किती खेचावा आणि कोठे सैल सोडावा हे ज्यास उमगले, त्यास तानेचा आवेग आवरणे परके नाही.

पुढे दक्षिणेत परतून ते संस्थानिकांच्या पागेवर लागले. 1870 च्या दशकाच्या अखेरीस चिअरिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली. असली सर्कस हिंदी लोकांच्या हातून व्हावयाची नाही, अशी त्या साहेबाची समजूत होती, असे सांगतात. विष्णुपंतांनी वाद घालण्यापेक्षा घोडे शिकविले, माणसे जमविली, आणि 1880 च्या मार्चात ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला खेळ लावला. झुल्यावर चढल्या त्या त्यांच्या पत्नी अवडाबाई. ज्या काळी कुलीन घरची स्त्री नाटकाच्या रंगभूमीवरही दिसत नसे, त्या काळी ही बाई अधांतरी झोके घेत होती. नवऱ्याच्या धाडसाचे कौतुक आपण करतो. अर्धे तरी या माउलीच्या वाट्यास द्यावयास हवे.

आमच्या संगीतशाळेने याच चरित्रावर नृत्यनाटिका बसविली, तेव्हा अवडाबाई कोणी व्हावे आणि काय नेसून व्हावे, यावर खरा खल झाला. दिसण्यात उजवी आणि नृत्यात तयार अशी एक मुलगी मंडळींच्या मनात होती. मी आग्रह धरला तो मल्लखांब खेळणाऱ्या दुसरीचा. झुल्यावर मुद्रा मागाहून शिकविता येते. खांद्यांतले बळ, मुठीची पकड आणि उंचीची सवय चार आठवड्यांत येत नाही. झुला पुरुषभर उंचीवर टांगला, खाली जाड गाद्या घातल्या, तरी हा नियम बदलत नाही.

पोशाखाचा प्रश्न याहून नाजूक होता. झुल्यावर अंगाला चिकटून बसणारा जो वेष रूढ आहे, तो फ्रान्समधील तुलूझच्या झ्यूल लेओतारने लोकप्रिय केला. 1859 च्या नोव्हेंबरात पॅरिस येथे एका झुल्यावरून दुसऱ्यावर उडी घेऊन त्याने सर्वांस थक्क केले. तो 1870 साली ऐन तारुण्यात वारला, परंतु त्याचे नाव त्या वेषास चिकटले आणि तोच वेष नर्तकांच्या तालमीचाही झाला. आमच्या मुलीच्या आजींना तो मंजूर नव्हता. आजींचा सन्मान राखणे अगत्याचे. पण सुटा पदर दोरात अडकला तर जिवावर बेतावयाचे, हेही तितकेच खरे. शेवटी नऊवारीचा घट्ट कासोटा शिवून घेतला, पदर कमरेस टाचला, आत अंगाबरोबर बसणारा सुती वेष घातला. बांगड्या, पैंजण, आकडे वर्ज्य. आजींनी स्वतः काष्ट्याची मापे सांगितली, तेव्हा वाद मिटला.

उरला ताल. नर्तकी तबल्यामागे जाते. झुला जात नाही. झोक्याची लय दोराच्या लांबीवर ठरते, झोके देणाऱ्याच्या मर्जीवर नव्हे. सव्वादोन मीटरचा दोर जाऊन परत येण्यास सुमारे तीन सेकंद घेतो. तेवढ्यात चार मात्रा बसविल्या आणि तबलजीस सांगितले की समेला मुलगी टोकावर हवी. लय वाढवावयाची तर दोर आखूड करावा लागला. विष्णुपंतांसारख्या गवयाच्या हे नजरेतून सुटले असेल, असे मला वाटत नाही.

विष्णुपंतांची सर्कस केरळात तेल्लिचेरीस गेली. तेथील व्यायामशिक्षक कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी तिच्यापासून स्फूर्ती घेतली आणि 1901 साली चिरक्कर येथे सर्कशीची शाळा काढली. तेथूनच पुढे केरळ हे सर्कशीचे माहेर झाले.

परंतु ग्वाल्हेरवर त्यांचे ऋण आहे ते वेगळे. हद्दूखाँसाहेबांचे पुत्र रहिमतखाँ अफूच्या आहारी जाऊन काशीत विपन्नावस्थेत फिरत होते. विष्णुपंतांनी त्यांना आपल्यापाशी आणले, सर्कशीबरोबर सांभाळले आणि गावोगाव त्यांच्या मैफली लावल्या. गुरूचा मुलगा म्हणून त्यांची लहर, त्यांचे मौन, त्यांचे व्यसन, सारे सोसले. विष्णुपंतांच्या मागे छत्रे मंडळींनी हा वसा टाकला नाही. खाँसाहेब 1922 साली कुरुंदवाडास निवर्तले. उतारवयात त्यांनी गायिलेल्या मोजक्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. तो सूर कानी पडेल तेव्हा वाचकांनी ध्यानात ठेवावे, की तो आपल्यापर्यंत पोचला यात घोड्यांच्या आणि झुल्याच्या कमाईचाही वाटा आहे.