मिशीवाली आई

गिजुभाई बधेका मूळचे वकील. पुत्रजन्मानंतर माँटेसरींचे विचार वाचनात आले आणि वकिली सुटली. १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर उघडले. तेथे छडी नव्हती. पण वसतिगृहात मुले वाढविणाऱ्या आम्हांस अधिक विचारात पाडते ते हे, की बक्षीसही नव्हते. भयाने गप्प बसणे आणि लालचीने नीट वागणे, दोन्ही त्यांना सारखीच नापसंत. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षकाचा पहिल्याच दिवशी, शांततेचा खेळ घेताना, पुरता फज्जा उडतो, दुसऱ्या दिवशी गोष्ट सुरू होताच तोच दंगेखोर वर्ग आपणहून स्तब्ध होतो. गुजरातेत गिजुभाईंना ‘मूछाळी मा’ म्हणत. १९३९ साली ते निवर्तले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली.