ॲलन ट्यूरिंग

बुद्धिबळाच्या चाली लहान मूलही शिकते. परंतु त्याच चाली एखाद्या निर्जीव यंत्राला शिकविता येतील काय? या प्रश्नाचा ध्यास घेतलेला एक इंग्रज गणिती होऊन गेला. त्याचे नाव ॲलन ट्यूरिंग.

ट्यूरिंगचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. त्याचे वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. त्यामुळे आईवडील बहुधा हिंदुस्थानात असत आणि ॲलन व त्याचा थोरला भाऊ इंग्लंडात परक्यांच्या घरी वाढत. १९२६ साली ॲलनने शेरबर्न येथील शाळेत नाव घातले. पण त्याच वेळी संप होऊन आगगाड्या बंद पडल्या. तेरा वर्षांचा ॲलन डगमगला नाही. सायकलवर बसून, वाटेत एक मुक्काम करून, सुमारे शंभर किलोमीटर अंतर तोडून तो शाळेत हजर झाला!

१९३६ साली त्याने एक विलक्षण निबंध लिहिला. त्यात एका काल्पनिक यंत्राचे वर्णन होते. ते यंत्र लांब फितीवरील खुणा वाची, जरूर तर पुशी आणि नव्या लिही. ही फीत म्हणजे त्या यंत्राची स्मृती. ती कधी संपत नसे. कारण ती कल्पनेतली होती.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या 'एनिग्मा' यंत्राची गुप्त लिपी उलगडण्यात ट्यूरिंगचा मोठा वाटा होता. युद्ध संपल्यावर, १९४८ साली, त्याने डेव्हिड चँपरनाउन या मित्राच्या साहाय्याने यंत्रासाठी बुद्धिबळाचे नियम रचले. प्याद्याला १ गुण, घोड्याला ३, उंटाला साडेतीन, हत्तीला ५, वजिराला १०. प्रत्येक चाल, तिला प्रतिपक्षाचे उत्तर आणि पुढची मारामारी यांचा हिशेब करावा व जीत लाभ अधिक ती चाल खेळावी.

नियम तयार झाले. पण ते साठवावयाचे कोठे? त्याच वर्षी मँचेस्टर येथे चालू झालेल्या यंत्राच्या स्मृतीत अवघ्या ३२ ओळी मावत आणि प्रत्येक ओळीत शून्य किंवा एक असे ३२ अंक. पटावरील एका घराची नोंद करण्यास असे चार अंक लागतात. म्हणजे चौसष्ट घरांतच आठ ओळी संपणार! पुढे १९५१ साली मोठे यंत्र आले. त्याची जलद स्मृती तोकडी होती, तर चुंबकीय ढोलावरची स्मृती मोठी पण मंद होती. विद्यार्थी पाटीवर हिशेब करतो, जागा संपली की उत्तर वहीत उतरवितो आणि पाटी पुसतो; तशीच काटकसर तेथे करावी लागे. या यंत्राचे मार्गदर्शक पुस्तक ट्यूरिंगनेच लिहिले. त्यावर डीट्रिख प्रिन्झ याने दोन चालींत मात करण्याची कोडी सोडवून घेतली. संपूर्ण डाव मात्र त्या यंत्राच्या आवाक्याबाहेर होता.

तेव्हा ट्यूरिंग स्वतःच यंत्र झाला! १९५२ साली कागद-पेन्सिल घेऊन तो ॲलिक ग्लेनी याच्यासमोर बसला. आपली बुद्धी बाजूस ठेवून नियम सांगतील तीच चाल खेळावयाची, असा त्याचा प्रयत्न होता. एकेका चालीच्या हिशेबास अर्धा तास लागे. एकोणतिसाव्या चालीत 'यंत्र' हरले. पण यंत्र खेळू शकेल, हे दिसून आले.

त्याच वर्षी ट्यूरिंगवर मोठे संकट कोसळले. पुरुषांनी परस्परांशी प्रेमसंबंध ठेवणे हा त्या काळी इंग्लंडात गुन्हा मानला जाई. त्याबद्दल त्यास शिक्षा झाली. ज्याने युद्धात देशाची एवढी सेवा केली, त्याच्या वाट्यास असा अपमान आला. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. २०१३ साली इंग्लंडच्या राणीने त्यास मरणोत्तर क्षमा दिली.

आज अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातला मुलगाही खिशातल्या भ्रमणध्वनीशी बुद्धिबळ खेळतो आणि क्षणात उत्तराची चाल मिळवितो. त्या क्षणामागे कागदावर अर्धा-अर्धा तास हिशेब करीत बसलेल्या एका माणसाची चिकाटी उभी आहे. साधने अपुरी आहेत म्हणून ट्यूरिंगने विचार थांबविला नाही. विचार पुढे गेला आणि साधने मागाहून आली.