घरच्या घरी जोडायचं फर्निचर ९० वर्षांपूर्वी विकायला काढणारा सुतार: गेरिट रिटवेल्ड

लहान फ्लॅटमध्ये राहायला गेलं की पहिलं भांडण जागेशी होतं. बेड टाकला तर टेबल बसत नाही, टेबल बसवलं तर कपाटाचं दार उघडत नाही. मग माणूस डोकं लढवतो. दिवसा सोफा आणि रात्री बेड, भिंतीला मिटणारं टेबल, सरकणारं पार्टिशन, ऑनलाइन मागवून स्क्रू-ड्रायव्हरनं स्वतःच जोडायचं शेल्फ.

आज हे सगळं नेहमीचं झालंय. पण शंभरेक वर्षांपूर्वी नेदरलँड्समधल्या एका सुतारानं हेच करायला घेतलं, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं.

त्याचं नाव गेरिट रिटवेल्ड.

आज त्याच्या खुर्च्या जगभरातल्या म्युझियममध्ये आहेत आणि त्यानं बांधलेलं एक घर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण या माणसाला म्युझियमसाठी काही बनवायचं नव्हतं. साध्या माणसाला परवडेल असं फर्निचर आणि मोकळा श्वास घेता येईल असं घर, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यातलं किती जमलं आणि किती राहून गेलं, तीच ही गोष्ट.

सुताराचं पोरगं

गेरिटचा जन्म २४ जून १८८८ रोजी युट्रेक्ट शहरात झाला. वडील सुतार, त्यांचं स्वतःचं फर्निचरचं वर्कशॉप. अकरा-बारा वर्षांचा असतानाच गेरिटची शाळा सुटली आणि तो वडिलांच्या हाताखाली कामाला लागला. रंधा मारायचा, करवत चालवायची, पॉलिश करायचं, असं त्याचं बालपण गेलं.

तेव्हा युरोपात श्रीमंतांच्या घरी जुन्या राजेशाही फर्निचरच्या नकला चालायच्या. जाडजूड पाय, भरगच्च नक्षी, गाद्या, झालरी. एक खुर्ची हलवायची तरी दोन माणसं लागावीत असा प्रकार. गेरिटचे हात त्यातच तयार झाले. पुढे त्यानं एका सोनाराच्या पेढीवर ड्राफ्ट्समनची नोकरी केली, संध्याकाळी क्लासला जाऊन ड्रॉइंग आणि आर्किटेक्चर शिकला. १९११ मध्ये लग्न झालं आणि पुढे सहा मुलं झाली.

१९१७ मध्ये त्यानं युट्रेक्टमध्ये स्वतःचं वर्कशॉप टाकलं. पहिलं महायुद्ध सुरू होतं. नेदरलँड्स युद्धात नव्हतं, पण महागाईची झळ तिथंही पोहोचली होती. अशा दिवसांत गेरिटला प्रश्न पडला की, खुर्ची म्हणजे नेमकं किती लाकूड लागतं?

खाच न पाडता जोडलेली खुर्ची

आता थोडं सुतारकाम समजून घेऊ.

नेहमीची लाकडी खुर्ची करताना एका लाकडात खाच पाडतात आणि दुसऱ्याचं टोक त्यात घट्ट बसवतात. हे काम कसबाचं आणि वेळखाऊ. खाच थोडी सैल झाली तर खुर्ची डुगडुगते, जास्त खोल गेली तर लाकूड कमजोर होतं. साहजिकच चांगली खुर्ची चांगल्या कारागिराकडूनच घ्यावी लागते आणि ती महाग पडते.

गेरिटनं ही खाचच काढून टाकली. त्यानं एकाच जाडीच्या चौकोनी पट्ट्या घेतल्या. एक उभी, एक आडवी, एक मागे जाणारी. तिन्ही एकमेकींत न घुसवता एकमेकींना चिकटून नेल्या आणि आतून लाकडी खुंट्या घालून पक्क्या केल्या. पट्ट्यांची टोकं सांध्याच्या थोडी पुढं गेलेली तशीच ठेवली. बसायला एक फळी, टेकायला एक फळी. झाली खुर्ची.

हे साधारण १९१८ चं. पट्ट्या एका मापाच्या असल्यामुळे त्या मशीनवर कापता येणार होत्या. म्हणजे उद्या कारखान्यात अशा खुर्च्या ढिगानं निघाल्या असत्या आणि स्वस्त झाल्या असत्या, असा त्याचा हिशोब.

त्याच सुमारास थिओ व्हान डूसबर्ग नावाचा कलावंत ‘द स्टाइल’ नावाचं मासिक चालवत होता. सरळ रेषा, लाल-निळा-पिवळा असे मूळ रंग आणि नक्षीला सुट्टी, असा या मंडळींचा विचार. चित्रकार पीट माँड्रियान याच गोतावळ्यातला. १९१९ मध्ये गेरिटची खुर्ची या मासिकात छापून आली. पुढं १९२३ च्या आसपास त्यानं ती रंगवली. टेकायची फळी लाल, बसायची निळी, पट्ट्या काळ्या आणि त्यांची कापलेली टोकं पिवळी. हीच ती जगप्रसिद्ध लाल-निळी खुर्ची.

ती मऊ नव्हती. गादी नाही, उशी नाही. बसल्यावर झोप लागावी अशी खुर्ची त्याला करायचीच नव्हती. बसणं हीसुद्धा एक क्रिया आहे, असं तो मानायचा. शिवाय या खुर्चीतून आरपार दिसतं. ती खोलीतली जागा अडवत नाही, जागा तिच्यामधून वाहत राहते. छोट्या घरात राहणाऱ्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

भिंती सरकवणारी बाई

गेरिटच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम एका बाईमुळे झालं. ट्रूस श्रोडर.

ट्रूसचे पती वकील, वयानं बरेच मोठे आणि जुन्या वळणाचे. घर कसं सजवायचं आणि मुलं कशी वाढवायची यावरून दोघांचं पटायचं नाही. १९२१ मध्ये त्यांच्या घरातली एक खोली ट्रूसच्या मनासारखी करून देण्यासाठी गेरिट तिथं गेला आणि दोघांचे विचार जुळले. १९२३ मध्ये पती वारले. तीन मुलांना घेऊन लहान घरात राहायचं ट्रूसनं ठरवलं आणि गेरिटला बोलावलं. त्यानं याआधी अख्खं घर कधीच बांधलं नव्हतं.

१९२४ मध्ये युट्रेक्टच्या एका टोकाला, विटांच्या जुन्या धाटणीच्या घरांच्या रांगेला खेटून हे घर उभं राहिलं. बाहेरून पाहिलं तर पांढऱ्या-करड्या फळ्या हवेत जोडून ठेवल्यासारख्या दिसतात. पण खरी गंमत वरच्या मजल्यावर होती.

ट्रूसला मुलांसोबत वरच राहायचं होतं आणि मुलांना मोठ्यांच्या गप्पांपासून तोडायचं नव्हतं. म्हणून वरचा मजला दिवसा एक मोठा हॉल. रात्र झाली की सरकत्या भिंती ओढायच्या आणि मुलांच्या वेगळ्या खोल्या तयार. दिवसा बेडचा सोफा व्हायचा. जेवण खालच्या किचनमधून छोट्या लिफ्टनं वर यायचं. कोपऱ्यातल्या दोन खिडक्या उघडल्या की मध्ये खांबच उरत नाही, घराचा कोपराच गायब होतो.

बांधकामाच्या नियमांत मात्र असा मोकळा मजला बसत नव्हता. मग खालच्या मजल्यावर नेहमीसारख्या खोल्या दाखवल्या आणि वरच्या मजल्याची कागदोपत्री नोंद पोटमाळा म्हणून केली. परवानगी मिळाली.

राहायला हे घर सोपं नव्हतं. रोज सकाळी आवराआवर, रोज रात्री भिंती ओढायच्या. एकाचा आवाज सगळ्यांना. वेड्या घरात राहता म्हणून मुलांना शाळेत चिडवायचे ते वेगळंच. तरीही ट्रूस या घरात १९८५ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे तब्बल ६० वर्षं राहिली. तिची धाकटी मुलगी हान पुढं स्वतः आर्किटेक्ट झाली.

आज रिटवेल्ड-श्रोडर हाउस म्हणून गाजणाऱ्या या घराच्या मांडणीत ट्रूसचा वाटा बरोबरीचा होता. पुढंही अनेक कामं दोघांनी मिळून केली. आर्किटेक्चरकडे वळल्यावर गेरिटनं आपलं वर्कशॉप खेरार्ड व्हान डे ग्रूनेकान या शिकाऊ पोराच्या हाती दिलं. या गड्यानं पुढची कित्येक दशकं गेरिटच्या खुर्च्या हातानं बनवल्या.

खोक्याच्या फळ्या आणि महामंदी

१९२९ नंतर जगभर महामंदी आली. नेदरलँड्समध्ये ती बराच काळ रेंगाळली. महागडं फर्निचर घेणारे कमी झाले.

गेरिट तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमच्या मेट्झ अँड कंपनी या उच्चभ्रू दुकानासाठी काम करत होता. १९३३ मध्ये दुकानाच्या गच्चीवर त्यानं काचेचा गोल मंडपही बांधून दिला होता. याच दुकानासाठी त्यानं झिगझॅग खुर्ची केली. चार फळ्या इंग्रजी झेड अक्षरासारख्या जोडलेल्या आणि पाय एकही नाही.

पण खरा धक्का १९३४ च्या सुमारास आला. त्यानं माल पाठवायच्या खोक्यांना वापरतात त्या स्वस्त लाकडाचं फर्निचर केलं. खुर्ची, टेबल, पुस्तकांचं शेल्फ. फळ्या सरळ कापलेल्या, एकीवर एक ठेवून स्क्रूनं आवळलेल्या. स्क्रू लपवायचीही भानगड नाही. आणि हे फर्निचर सुट्या भागांमध्ये मिळायचं. गिऱ्हाइकानं फळ्या घरी न्यायच्या आणि स्वतःच जोडायच्या.

आज ज्या कंपन्यांचं फर्निचर आपण बॉक्समध्ये आणून घरी जोडतो, त्यांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

फर्निचरवाल्यांनी नाकं मुरडली. हे काय फर्निचर आहे, हे तर खोकं आहे! त्यावर गेरिटनं दिलेलं उत्तर भारी होतं. तुमची महागडी खुर्ची प्रवासात मोडू नये म्हणून तुम्ही तिला खोक्यात घालून पाठवता. म्हणजे तिला सांभाळणारं खोकं तिच्यापेक्षा दणकट आहे की नाही? कमी लाकडात, कमी वेळात, नेमक्या कामासाठी केलेलं हेसुद्धा सुतारकामच आहे, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

अडचण दुसरीच होती. हे फर्निचर विकणारं दुकान श्रीमंतांचं होतं. त्यामुळे सुट्टीत राहायच्या वीकेंड घरासाठी गंमत म्हणून ते घेणारे मिळाले. ज्या कामगारासाठी हे सगळं जुळत होतं, तो त्या दुकानाची पायरी चढत नव्हता. शिवाय पैसे आले की त्यालाही नक्षीदार कपाट आणि मऊ सोफाच हवा असायचा. आयुष्यभर खोकी उचलणाऱ्याला घरात परत खोकं नको असतं. हे कोडं गेरिटला शेवटपर्यंत पुरतं सुटलं नाही.

सिनेमा थिएटरवरचं बिऱ्हाड

गेरिट स्वतः काही बंगल्यात राहत नव्हता. १९३६ मध्ये त्यानं युट्रेक्टमध्ये एक सिनेमा थिएटर बांधलं आणि थिएटरच्या वरच्या फ्लॅटमध्ये बायको-मुलांसह बिऱ्हाड थाटलं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं नेदरलँड्सचा ताबा घेतला. कलाकार आणि आर्किटेक्ट यांना नाझींच्या संस्थेचं सभासद व्हावं लागे, नाहीतर काम बंद. गेरिटनं सभासद व्हायला नकार दिला. उघडपणे काम करण्याचे रस्ते बंद झाले, पण तो झुकला नाही.

युद्धानंतर मात्र त्याचे दिवस पालटले. १९५४ मध्ये व्हेनिसच्या प्रसिद्ध कला प्रदर्शनासाठी त्यानं नेदरलँड्सचं पॅव्हेलियन बांधलं. आणि ज्याची तो कित्येक वर्षं वाट पाहत होता, ते कामही मिळालं. १९५० च्या दशकात युट्रेक्टच्या होग्राफेन भागात त्याला सामान्य लोकांसाठी घरं बांधायला मिळाली. तेव्हा त्यानं साठी ओलांडली होती.

१९५७ मध्ये बायको वारली. त्यानंतर तो ट्रूसच्या घरी, सरकत्या भिंतींच्या त्याच घरात राहायला गेला. १९६४ मध्ये डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठानं त्याला मानद डॉक्टरेट दिली. शाळा अर्धवट सुटलेल्या सुताराच्या पोराला! त्याच वर्षी, ७६ व्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, २५ जूनला तो गेला. त्यानं आराखडा केलेलं अ‍ॅमस्टरडॅमचं व्हान गॉग म्युझियम १९७३ मध्ये उघडलं, ते पाहायला तो नव्हता.

मग स्वस्त खुर्चीचं काय झालं?

मशीनवर ढिगानं निघावी आणि कुणालाही परवडावी म्हणून विचार केलेली ती लाल-निळी खुर्ची १९७० च्या दशकापासून कसिना ही इटालियन कंपनी रीतसर हक्क घेऊन बनवते. तिची किंमत आपल्या पैशांत लाखांच्या घरात जाते. गेरिटच्या काळातल्या मूळ खुर्च्या तर म्युझियममध्येच पाहायच्या. त्यांवर बसायला बंदी असते.

पण खोक्याच्या फर्निचरची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या फर्निचरची मापं आणि जोडणी दाखवणारी पुस्तकं निघाली आहेत. सरळ कापलेल्या फळ्या, मूठभर स्क्रू, एक करवत आणि सुट्टीचा एक दिवस असेल तर ती खुर्ची आजही छोट्या घरांमध्ये लोक स्वतः जोडतात. तिच्यावर बसायला कुणाची बंदी नाही.