स्वतःच्याच विसरण्याचा हिशेब ठेवणारा अवलिया; आजची फ्लॅशकार्ड्स त्याच्याच शोधावर चालतात!

नंदुरबार जिल्ह्यात, धुळे-सुरत महामार्गावर, नवापूर तालुक्यातलं विसरवाडी हे गाव आहे. गावाच्या नावात ‘विसर’ आहे म्हणून तिथल्या पोरांची कुणी गंमत केली, तर त्यांनी खुशाल सांगावं की विसरतं सगळं जग! किती वेळात किती विसरतं, हेही एका जर्मन माणसाने १४० वर्षांपूर्वी मोजून ठेवलंय.

दहावी-बारावी असो, पोलीस भरती असो की एमपीएससी, रात्रभर घोकलेलं पेपर हातात पडल्यावर आठवत नाही. मग मुलं स्वतःलाच दोष देतात. आपलं डोकंच चालत नाही, असं धरून काही जण अभ्यासच सोडतात. मोबाईलवरची फ्लॅशकार्ड्स नेमकी याच दुखण्यावर काम करतात. पुढे प्रश्न, मागे उत्तर, आणि तेच कार्ड ठरावीक दिवसांनी पुन्हा समोर! या कल्पनेच्या मुळाशी आहे हर्मन एबिंगहाऊस.

व्यापाऱ्याचा मुलगा प्रयोगाकडे कसा वळला?

२४ जानेवारी १८५० रोजी जर्मनीतल्या बार्मेन इथे एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरात त्याचा जन्म झाला. १७ व्या वर्षी तो बॉन विद्यापीठात गेला. इतिहास आणि भाषा शिकता शिकता तत्त्वज्ञानाकडे वळला. १८७० मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटलं, तेव्हा काही काळ सैन्यातही होता. १८७३ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली आणि पुढची काही वर्षं इंग्लंड-फ्रान्समध्ये शिकवण्या करत काढली.

याच काळात गुस्ताव फेख्नर या शास्त्रज्ञाचा ग्रंथ त्याच्या वाचनात आला. माणसाच्या संवेदना आकड्यांत मोजता येतात, हे फेख्नरने दाखवलं होतं. मग स्मरणशक्ती का मोजता येऊ नये, असं एबिंगहाऊसला वाटलं.

प्रयोगशाळा नाही, मदतनीस नाही

१८७९ मध्ये त्याने प्रयोग सुरू केले ते स्वतःवरच. ओळखीचे शब्द लवकर लक्षात राहतात, म्हणून त्याने सुमारे २३०० अर्थहीन अक्षरगट तयार केले. आपल्याकडे ‘गुब’, ‘टेश’, ‘नोफ’ म्हणावं, तसे! ते एकत्र मिसळायचे, हाताला येतील त्यांची यादी करायची आणि घड्याळाच्या टिकटिकीवर मिनिटाला १५० या वेगाने वाचायची. न चुकता म्हणता आली की थांबायचं. मग काही वेळाने तीच यादी पुन्हा पाठ करायची आणि या खेपेला किती मेहनत वाचली ते मोजायचं.

हे कंटाळवाणं काम त्याने वर्षभर केलं. एवढ्यावर न थांबता १८८३-८४ मध्ये सगळं पुन्हा करून पडताळलं. १८८५ मध्ये त्याचं स्मृतीवरचं पुस्तक आलं.

निकाल काय होता? २० मिनिटांनी यादी पुन्हा पाठ करताना सुमारे ५८ टक्के मेहनत वाचली. तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि महिन्याभराने २१ टक्के. म्हणजे सुरुवातीला विसर झपाट्याने पडतो, नंतर त्याचा वेग मंदावतो. हाच तो प्रसिद्ध ‘विस्मरणाचा आलेख’. हे आकडे एकाच माणसाचे होते खरे, पण २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा आलेख तसाच आला.

विद्यार्थ्यांच्या कामाचा निष्कर्ष तर पुढेच आहे. १२ अक्षरगटांची यादी त्याने एका बैठकीत ६८ वेळा घोकली. दुसऱ्या वेळी तेवढ्याच लांबीच्या यादीच्या ३८ उजळण्या ३ दिवसांत वाटून केल्या. पुढच्या दिवशी दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच! मेहनत मात्र निम्म्याच्या आसपास.

आणखी एक गोष्ट त्याला दिसली. बायरनच्या ‘डॉन जुआन’ या काव्याची कडवी पाठ करायला अर्थहीन अक्षरांच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे कष्ट लागले. विसरवाडी-नवापूर पट्ट्यात अनेक घरांत मावची, भिली बोलतात आणि पेपर मात्र मराठीत किंवा इंग्रजीत असतो. न समजलेली व्याख्या त्या मुलांसाठी ‘गुब-टेश’सारखीच. म्हणून कार्डच्या मागे उत्तरासोबत त्याचा अर्थ घरच्या बोलीत लिहिला, तर पाठ करणं नक्कीच सोपं जाईल.

शाळेची मुलं आणि रिकाम्या जागा

बर्लिनमध्ये तो वर्षानुवर्षं शिकवत राहिला, पण १८९४ मध्ये तिथलं प्राध्यापकपद कार्ल श्टुम्फला मिळालं. एबिंगहाऊस ब्रेस्लाऊला गेला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. सलग पाच तासांच्या शाळेने मुलं किती थकतात, हा प्रश्न तिथे त्याच्यापुढे आला. त्यासाठी त्याने १८९७ मध्ये वाक्यातल्या रिकाम्या जागा भरायची चाचणी तयार केली. पुढे बुद्धिमापन चाचण्यांमध्येही ही पद्धत वापरली गेली.

२६ फेब्रुवारी १९०९ रोजी हाले शहरात न्यूमोनियाने त्याचं निधन झालं, तेव्हा तो ५९ वर्षांचा होता.

पुठ्ठ्याच्या खोक्यापासून मोबाईलपर्यंत

१९७२ मध्ये जर्मनीच्याच सेबास्टियन लाइटनरने कार्डांचे कप्पे सुचवले. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि उशिरा समोर येतं. चुकलं तर परत पहिल्या कप्प्यात! २००६ मध्ये आलेल्या ‘अँकी’सारखी ॲप्स हेच काम आपोआप करतात.

मोबाईल नसेल, तर जुन्या वहीचे पुठ्ठे कापूनही कार्डं होतात. एका कार्डावर एकच प्रश्न लिहा. आधी उत्तर आठवून बघा, मगच कार्ड उलटा. आज केलेलं उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा काढा. एखादं उत्तर आठवलं नाही, तर डोक्याला दोष देऊ नका. ते कार्ड पहिल्या कप्प्यात ठेवा आणि उद्या पुन्हा बघा.