विनोबा भावे यांचे आहारप्रयोग

विनायक नरहरी तथा विनोबा भावे (११ सप्टेंबर १८९५ – १५ नोव्हेंबर १९८२) हे भूदान चळवळीचे प्रवर्तक, गीतेचे भाष्यकार व गांधीवादी विचारवंत होते. त्यांचा जन्म रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे येथे झाला. आहारावरील कठोर निर्बंध हे त्यांच्या साधनेचे एक अंग होते.

== वाई व रायगडचा प्रवास ==
७ जून १९१६ रोजी विनोबा महात्मा गांधींना अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात भेटले. पुढील वर्षी आश्रमातून रजा घेऊन त्यांनी वाई येथे नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे अध्ययन केले. याच काळात त्यांनी सुमारे ४०० मैल पायी प्रवास करून महाड तालुक्यातील रायगड, तसेच सिंहगड व तोरणा हे किल्ले पाहिले. फेब्रुवारी १९१८ मध्ये गांधींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या आहाराचा तपशीलवार हिशेब दिला. प्रारंभीचे सहा महिने मीठ घेतल्यावर त्यांनी ते सोडले आणि मीठ व मसाले आजन्म वर्ज्य केले. एक महिना केवळ केळी, दूध व लिंबू यांवर काढला असता त्यांची शक्ती क्षीण झाली. तेव्हा त्यांनी ज्वारीची भाकरी आहारात ठेवली. ६० तोळे दूध, २० तोळे ज्वारीच्या दोन भाकरी, चार-पाच केळी आणि मिळाल्यास एक लिंबू असा त्यांचा दैनिक आहार ठरला.

== आरोग्यावरील परिणाम ==
पायी प्रवास, दळण व सूर्यनमस्कार करणाऱ्या तरुणास केवळ फळे व दूध यांतून पुरेशी ऊर्जा मिळणे कठीण असते. शिवाय दूध व केळी या दोहोंत लोह अल्प असते. असा आहार दीर्घकाळ चालल्यास वजन व स्नायूंचे बळ घटते आणि रक्तक्षयाचा संभव वाढतो. धान्यामुळे ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

वर्ध्याजवळील नालवाडी येथे विनोबांनी सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग केला. अल्प मिळकतीत आहारही अल्प राहिला. १९३८ पर्यंत त्यांची प्रकृती फारच खालावली. गांधींनी हवापालटाचा आग्रह धरला असता त्यांनी थंड हवेच्या ठिकाणाऐवजी धाम नदीकाठचे पवनार निवडले. तेथे विश्रांती घेऊन व शेतात खोदण्याचे श्रम हळूहळू वाढवून त्यांनी प्रकृती सुधारली. पुढे त्यांना पोटातील व्रणाचा विकार दीर्घकाळ होता. तरीही १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे सुरू झालेल्या भूदानासाठी त्यांनी अनेक वर्षे पदयात्रा केली.

== अखेर ==
नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी अन्न, पाणी व औषध यांचा त्याग केला आणि पवनार येथे देह ठेवला. हे प्रायोपवेशन धार्मिक हेतूने केलेले होते. तारुण्यातील आहारप्रयोगांचा हेतू मात्र शरीर कार्यक्षम ठेवून गरजा कमी करणे हा होता. म्हणूनच शक्ती घटल्याचे दिसताच त्यांनी त्या प्रयोगात बदल केला.